ट्रॉलीचा टायर: घ्यायचा कसा, टिकवायचा कसा

मे महिन्यातली दुपार होती. उन्हाळ कांदा भरून मी विंचूरकडे निघालो होतो. ट्रॅक्टर नेहमीसारखा ओढत होता, आवाजातही काही फरक नव्हता. मागून एक मोटारसायकलवाला हात करत, ओरडत बरोबरीला आला. उतरून पाहतो तर ट्रॉलीचं मागचं डावं चाक रिमवर आलेलं आणि टायरच्या चिंध्या रस्त्यावर सांडत आलेल्या. "पंपापासून बघतोय तुम्हाला," तो म्हणाला. पंप दीड किलोमीटर मागे राहिला होता.

ट्रॅक्टरच्या चाकात हवा कमी झाली की स्टिअरिंग आणि सीट लगेच सांगतात. ट्रॉली मागे असते, तिचं दुखणं आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तिच्या टायरबाबत जे काही पकडायचं ते चाकं थांबलेली असतानाच, डोळ्यांनी आणि हाताने. खाली जे लिहितोय ते सगळं त्याच हिशोबाने.

टायर घेण्याआधी काट्यावर जा

दुकानात जाऊन "ट्रॉलीचे चार टायर द्या" म्हणणं हीच पहिली चूक. आधी एकदा पूर्ण भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर घ्या. ट्रॅक्टरची चाकं काट्याबाहेर राहू द्या. समजा काटा ६,००० किलो दाखवतो. चार चाकांत भागलं तर प्रत्येकी १,५०० किलो. पण हा झाला कागदावरचा भाग. माल कधी समान बसत नाही, शिवाररस्त्यावर एक बाजू कलते, खड्ड्यात एकाच चाकावर भार येतो. मी वर पाव हिस्सा धरतो, म्हणजे साधारण १,९०० किलो पेलणारा टायर. दोन चाकी ट्रॉली असेल तर थोडा भार हुकावर जातो, पण त्या भरवशावर हलका टायर घेऊ नका.

आता टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. ९.००-१६ म्हणजे रुंदी सुमारे ९ इंच आणि रिम १६ इंची. मधल्या रेघेच्या जागी 'आर' असेल तर रेडियल, म्हणजे आतले दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे गेलेला टायर. '१६ पीआर' (प्लाय रेटिंग) म्हणजे टायरच्या ताकदीचा दर्जा. आत खरोखर सोळा थर असतात असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नसतं. ट्रकच्या टायरवर '१४६/१४३ के' असं काही दिसेल. त्यातला १४६ म्हणजे एकटा टायर ३,००० किलो पेलतो. तोच जोडीत, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी, बसवला तर १४३, म्हणजे प्रत्येकी २,७२५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: 'के' म्हणजे ताशी ११० किलोमीटर, 'एफ' म्हणजे ८० आणि 'ए८' म्हणजे ४०. वजनाचा आकडा या वेगापुरताच खरा असतो. 'ए८'चा टायर शेतीसाठी चांगला, पण त्यावर भरलेली ट्रॉली महामार्गावर पळवणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

नायलॉन की रेडियल

नायलॉन म्हणजे आतले दोरे तिरके, एकमेकांवर आडवे-उभे घातलेला साधा टायर. यावर पारावर तासभर वाद रंगू शकतो. माझं मत सांगतो. कांदाचाळीपासून बाजार समितीपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता मुरमाचा आणि दगडगोट्यांचा असेल तर नायलॉन बरा. त्याची बाजू जाड असते, दगडाचा मार सोसते. मुंबई-आग्रा महामार्गावर रोज माल नेणाऱ्या मोठ्या ट्रेलरला मात्र रेडियलच हवा. तो कमी तापतो, सावकाश झिजतो, डिझेलही वाचवतो. एक गोष्ट दोन्हीकडे पाळा: एकाच धुऱ्यावर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असं कधी करू नका.

जुने टायर घेणार असाल तर

आपल्याकडे बहुतेक ट्रॉल्या ट्रकवरून उतरलेल्या टायरांवरच चालतात. त्यात कमीपणा नाही, पण घेताना उजेडाची बॅटरी सोबत न्या आणि टायर आतून बघा. आतल्या बाजूला गोल फिरलेली सुरकुत्यांची काळपट रेघ किंवा रबराचा भुगा दिसला, तर तो कधीतरी कमी हवेवर दूरवर पळवलेला आहे. बाहेरून कितीही टवटवीत दिसो, ठेवून द्या.

मग नक्षी बघा. गोटा झालेल्या टायरवर नव्याने खाचा कोरून विकणारे आहेत. खाचेच्या तळाशी बोट फिरवा. दोरे लागले तर समजायचं ते समजा. खाचेतली झीज दाखवणारी उंचवट्याची पट्टी १.६ मिलिमीटरची असते. नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूवर फुगवटा असेल तर किंमतही विचारू नका.

वय ओळखायला चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा टायर मी ओझ्याला लावत नाही, मग नक्षी पूर्ण का असेना. ऊन रबर खातं. बाजू वाकवून बारीक भेगा दिसतात का, तेही बघा.

बसवताना

नव्या टायरात जुनी ट्यूब घालून पैसे वाचवू नका. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. ट्यूब आणि रिमच्या मधे बसणारी रबरी पट्टी, म्हणजे फ्लॅपही नवाच घ्या. ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर चोळायला सांगा.

टायर जागेवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी, म्हणजे लॉक रिंग असलेल्या रिममध्ये हवा भरताना रिंगसमोर कोणी उभं राहू नये. रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. जाणता पंक्चरवाला चाक पिंजऱ्यात ठेवतो, निदान साखळीने तरी बांधतो. नट समोरासमोरचे आवळा आणि पहिली खेप झाल्यावर पुन्हा एकदा आवळा. हे दुसरं आवळणं सगळेच विसरतात.

हवा

माझ्या त्या टायरचं काय झालं होतं? द्राक्षमांडवाच्या तारेचा कापलेला तुकडा घुसला होता. निफाड-दिंडोरीकडे बाभळीच्या काट्याइतकाच हा तुकडा टायरचा वैरी आहे. हवा सावकाश गेली, टायर दबला, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडत राहिल्या. या दुमडण्याची उष्णता साठत जाते आणि रबर व दोरे सुटे होतात. ओझ्यापेक्षा कमी हवेनेच जास्त टायर मरतात, असं माझं पक्कं मत झालंय.

हवा सकाळी, चाकं थंड असताना, मीटरने तपासा. आकडा शेजाऱ्याला विचारू नका, टायरच्या बाजूवर आणि कंपनीच्या तक्त्यात बघा. उन्हात चालून आल्यावर हवा जास्त दिसते म्हणून सोडू नका. गार झाल्यावर ती कमी पडेल. टामी (लोखंडी पहार) मारून आवाजावरून ओळखणारे उस्ताद आहेत. पूर्ण बसलेला टायर त्यांना कळतो, पण पाचवा हिस्सा हवा गेलेला त्यांनाही कळत नाही. जोडीच्या टायरांत आतला तपासणं जिवावर येतं आणि नेमका तोच पंक्चर निघतो. मग सगळा भार बाहेरच्यावर पडतो आणि तोही जातो. जोडीच्या मधे अडकलेला दगड दिसला की लगेच काढा. व्हॉल्व्हच्या टोप्या दोन रुपयांच्या, पण पिनेत माती जाऊ देत नाहीत.

झीज कुठे आहे तेही बघत राहा. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी, मधोमध घासलं तर जास्त. एकच कड खाल्ली असेल तर धुरा वाकलाय किंवा पाट्याचा (स्प्रिंगचा) बोल्ट सरकलाय. जागोजागी ठिगळासारखी झीज असेल तर बेअरिंग ढिलं आहे.

रांगेत उभं असताना

बाजार समितीत लिलावाची वाट बघत तास जातो. त्या वेळेत एक फेरी मारा. प्रत्येक टायरला आणि चाकाच्या मधल्या हबला उलट्या पंजाने, आधी जरा लांबूनच, धग घ्या. एक टायर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्यात हवा कमी आहे. हब गरम असेल तर ग्रीस संपलंय किंवा ब्रेक चिकटलाय. कसारा घाट उतरून आलेल्या ट्रेलरचे ब्रेकचे ड्रम मात्र तापलेलेच असतात. त्यांवर पाणी ओतू नका, ड्रम तडकतात. थांबून गार होऊ द्या.

हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून सावलीत लावा, धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्या म्हणजे टायर एकाच जागी दबणार नाहीत. डिझेल-ऑइल सांडतं तिथे उभी करू नका. चाकांवर जुनी पोती टाका.

स्टेपनीची हवाही महिन्यातून एकदा बघा. आणि जॅकबरोबर एक जाड फळी कायम ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीत भरलेली ट्रॉली उचलायला गेलात तर ट्रॉली जागेवर राहते आणि जॅकच खाली जातो.