घरात मांजर आणि माणसाला अ‍ॅलर्जी : या चुका टाळा

मांजर घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घरातल्या एखाद्याला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, डोळे चुरचुरतात, रात्री खोकला येतो, आणि मग घरात एकच वाद सुरू होतो : मांजर ठेवायचे की द्यायचे? हा प्रश्न गैर नाही, पण बहुतेक घरांत तो फार लवकर विचारला जातो. निदान झालेले नसते, झोपायच्या खोलीत काहीही बदललेले नसते, औषध नीट घेतलेले नसते, आणि तरीही एक पक्ष मांजराच्या बाजूने तर दुसरा माणसाच्या बाजूने उभा राहतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान, दमट आणि वर्षातले चार महिने खिडक्या मिटून घ्याव्या लागणाऱ्या घरांत हा क्रम चुकला की त्रास वाढतच जातो. म्हणून या चुका त्या क्रमानेच पाहणे योग्य ठरेल.

केसांना दोष देणे

मांजराची अ‍ॅलर्जी प्रामुख्याने केसांमुळे होत नाही. ती मुख्यतः ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनामुळे होते. हे प्रथिन मांजराच्या त्वचेतील तैलग्रंथींमध्ये आणि लाळेत तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटत असते, लाळ अंगावर वाळते, आणि त्वचेच्या कोंड्याबरोबर हे प्रथिन घरभर पसरते. त्यातला बराचसा भाग ५ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांवर असतो. असे कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि नाकात न अडकता थेट छातीपर्यंत पोहोचतात. शिवाय ते कपड्यांना, गादीला, भिंतीला चिकटतात, आणि कपड्यांवरून ज्या घरात कधीच मांजर नव्हते अशा घरातही जातात.

एवढे समजले की अनेक खर्च आपोआप वाचतात. मांजराचे केस भादरून उपयोग होत नाही. ‘या जातीमुळे अ‍ॅलर्जी होत नाही’ असे सांगून महागडे पिल्लू विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण हे प्रथिन अजिबात तयार न करणारी मांजराची जात अस्तित्वात नाही. मात्र एका मांजरात ते कमी आणि दुसऱ्यात कितीतरी जास्त असू शकते. नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक आढळते आणि नसबंदीनंतर ते घटते. घरात बोका असेल आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडली असेल, तर ती करून घेण्याचे हे आणखी एक कारण आहे.

तपासणीआधीच निष्कर्ष काढणे

आपल्या भागात ही चूक विशेष सहज होते, कारण संशयित एकटे मांजर नसते. दमट हवेत गाद्या, उशा आणि गोधड्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. वाशी, नेरूळ, सानपाडा या भागांतील जुन्या सिडको इमारतींत पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि कपाटामागे काळी बुरशी चढते. डक्टमध्ये आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात कबुतरांची विष्ठा साचलेली असते, स्वयंपाकघरात झुरळे असतात, आणि घोडबंदर रस्त्यासारख्या परिसरात बांधकामाची धूळ दार बंद असले तरी आत येते. यांपैकी कशाचाही त्रास मांजराच्या नावावर जमा होऊ शकतो. अनेकांना तर एकाच वेळी दोन-तीन गोष्टींची अ‍ॅलर्जी असते.

घरच्या घरी केला जाणारा एक प्रयोग हमखास फसतो, तो म्हणजे मांजर चार दिवसांसाठी नातेवाइकांकडे पाठवून पाहणे. चार दिवसांनी शिंका थांबल्या नाहीत की ‘मांजराचा काही संबंध नाही’ असे ठरते. वस्तुस्थिती अशी आहे की मांजर गेल्यावरही घरातील या प्रथिनाचे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. त्यापेक्षा रुग्ण स्वतः एक-दोन आठवडे बाहेर राहून आला आणि त्या काळात त्रास स्पष्टपणे कमी झाला, तर त्यातून अधिक कळते. पण तो ज्या घरी राहिला तिथे मांजर नव्हते ना, हे विचारायलाच हवे, कारण कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत घरोघरी मांजर असते.

खरा मार्ग अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन त्वचेवरची प्रिक चाचणी (संशयित पदार्थाचा थेंब ठेवून त्वचेला हलके टोचण्याची) करून घेण्याचा आहे. या चाचणीआधी सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. त्या चालू असताना चाचणी केली तर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. गोळ्या थांबवणे शक्य नसेल तर रक्तातील विशिष्ट आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्य, तपासता येते, त्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. मात्र केवळ अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आहे म्हणून आजार सिद्ध होत नाही. अहवाल आणि प्रत्यक्ष लक्षणे एकमेकांशी जुळली पाहिजेत.

झोपायची खोली अर्धवट बंद ठेवणे

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक. माणूस दिवसाचे सात-आठ तास एकाच गादीवर, एकाच उशीत नाक खुपसून घालवतो. त्यामुळे घरातली कुठली एक जागा मांजरमुक्त करायची असेल, तर ती रुग्णाची झोपायची खोली असली पाहिजे. ‘रात्री आम्ही त्याला बाहेरच ठेवतो’ असे अनेक जण सांगतात, पण दुपारी तेच मांजर त्याच पलंगावर, त्याच उशीवर ताणून देत असते. रात्री दार लावले तेव्हा मांजर बाहेर असते खरे, पण अ‍ॅलर्जी निर्माण करणारे सगळे आत असते. खोली बंद ठेवायची तर चोवीस तास, आणि घरातल्या प्रत्येकाने तो नियम पाळून.

त्याआधी खोली एकदा मुळापासून स्वच्छ करावी लागते. पडदे, चादरी, अभ्रे धुवावेत, जुनी गोधडी आणि कापडी खुर्ची बाहेर काढावी, गादी-उशांना धूळकीटक रोखणारी घट्ट विणीची चेन असलेली कव्हर घालावीत. चादरी दर आठवड्याला धुवाव्यात. मांजराचे प्रथिन साध्या धुण्यातही बरेच निघून जाते, पण धूळकीटक मरण्यासाठी पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली चादर पलंगावर घालणे म्हणजे एक त्रास काढून दुसरा, बुरशीचा, आणणे होय. ती पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच वापरावी. मांजराला मांडीवर घेऊन बसलेल्याने त्याच कपड्यांत या खोलीत येऊन पलंगावर बसू नये, आणि रुग्णाचे कपडे हॉलमधल्या खुर्चीवर पडून राहू नयेत.

मांजर दाराशी ओरडते, ओरबाडते, म्हणून तिसऱ्याच दिवशी दार उघडले जाते. हे होऊ नये यासाठी मांजरालाही दुसरी चांगली जागा द्यावी लागते : हॉलच्या खिडकीत उंचावर बसायची सोय, बाहेर जाळी पक्की बसवलेली, आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे खेळणे व नंतर खाणे. ओरडल्यावर कधीच दार उघडत नाही हे कळले की काही आठवड्यांत बहुतेक मांजरे नवी जागा स्वीकारतात. अधूनमधून दार उघडल्यास मात्र ती अधिक चिकाटीने ओरडायला शिकतात.

एकाच खोलीच्या घरात हे शक्य नाही, आणि ते शक्य असल्यासारखे बोलू नये. तिथे हवा शुद्ध करणारे यंत्र, स्वच्छता आणि औषध एवढ्यावरच भिस्त राहते. रुग्णाला दमा असेल तर निर्णयही लवकर घ्यावा लागतो.

साफसफाई चुकीच्या पद्धतीने करणे

कोरडा झाडू मारला की जमिनीवर बसलेले बारीक कण पुन्हा हवेत येतात, आणि वरून पंखा चालू असेल तर ते घरभर फिरतात. पंखा बंद करून आधी ओल्या फडक्याने लादी पुसावी, सोफा आणि खिडकीचे कठडेही ओल्या कापडाने पुसावेत, आणि हे काम चालू असताना रुग्णाने दुसऱ्या खोलीत थांबावे. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा बाहेर पडतात, म्हणून घ्यायचाच तर हेपा फिल्टर, म्हणजे अतिशय बारीक कणही अडवणारी गाळणी, असलेला घ्यावा. मांजराच्या लिटर बॉक्सची, म्हणजे त्याच्या शी-शूच्या पेटीची, सफाई रुग्णाने करू नये. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : घरकामाला येणाऱ्या ताईंनाही अ‍ॅलर्जी असू शकते, आणि त्या ती बोलून दाखवतीलच असे नाही. त्यांना शिंका किंवा दम लागतो का, हे आपणच विचारावे.

एअर प्युरिफायर घेताना खोलीचा हिशेब न केल्यास पैसे वाया जातात. दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता ताशी किमान १६० घनमीटर हवी. हे यंत्र हॉलमध्ये शोभेला न ठेवता झोपायच्या खोलीत, दार-खिडक्या मिटून, रात्रभर चालवावे. गादीत मुरलेले प्रथिन ते काढू शकत नाही, त्यामुळे धुण्याला पर्याय म्हणून त्याकडे पाहू नये. स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो. त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी.

मांजराला दर आठवड्याला अंघोळ घालण्याचा आग्रहही सोडावा. अंघोळीने प्रमाण घटते, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्ववत होते, आणि मांजराला होणारा ताण मात्र खरा असतो. रुग्ण नसलेल्या व्यक्तीने बाल्कनीत ब्रश करणे आणि ओलसर कापडाने अंग पुसणे पुरेसे आहे.

स्वच्छतेच्या अतिउत्साहात घडणारी एक चूक मांजराच्या जिवावर बेतते. लादीवर फिनेल टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, पण फेनॉलवर्गीय रसायने पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि ओल्या लादीवरून चालून पाय चाटले की ती थेट पोटात जातात. डांबर गोळ्या, कापूर आणि टी ट्रीसारखी सुगंधी तेलेही त्याला घातक आहेत. दुसरीकडे उदबत्ती, धूप आणि मच्छर कॉइल यांचा धूर अ‍ॅलर्जी व दमा असलेल्याच्या श्वासनलिका चेतवतो. साबणाचे पाणी दोघांनाही चालते.

औषध मनाने घेणे आणि मनाने सोडणे

नाकातला स्टेरॉइड स्प्रे दोन दिवस वापरून ‘काही फरक नाही’ म्हणून टाकून देणारे पुष्कळ आहेत. या स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तो रोज घ्यावा लागतो, आणि त्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने ठेवावे लागते. याउलट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून ते महिनोन्‌महिने वापरले जातात. तीन ते पाच दिवसांपलीकडे गेल्यास त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते आणि दोष पुन्हा मांजराला दिला जातो.

औषधाच्या दुकानातून लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट यांची एकत्र गोळी चिठ्ठीविना घेण्याची सवय तर फारच पसरली आहे. मॉन्टेल्युकास्टमुळे काही रुग्णांमध्ये झोप, मनःस्थिती आणि वागणूक यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या औषधावर सक्तीची केली. मुलाला ही गोळी चालू असेल आणि ते चिडचिडे किंवा उदास झाले असेल, तर डॉक्टरांना ते त्वरित सांगावे. घरातल्या गोळ्या मांजरापासूनही दूर ठेवाव्यात, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

रात्री खोकला, छातीत घरघर, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप, ही लक्षणे नाकाची नव्हेत, ती दम्याची असू शकतात, आणि सर्दीच्या गोळीने दमा आटोक्यात येत नाही. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने इनहेलर टाळणे धोक्याचे आहे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. अ‍ॅलर्जीची इंजेक्शने, म्हणजे इम्युनोथेरपी, हा दीर्घकालीन पर्याय आहे, पण ती साधारण तीन ते पाच वर्षे घ्यावी लागतात आणि दमा आटोक्यात नसताना सुरू करता येत नाहीत. ‘राहता राहता अंगवळणी पडेल’ असे रुग्णाला सांगू नये. काहींच्या बाबतीत त्रास कमी होतो हे खरे, पण कुणाच्या बाबतीत तसे होईल हे आधी कळत नाही, आणि तोवर श्वास मात्र त्याचाच कोंडतो.

निर्णय टाळणे, किंवा घाईने उरकणे

हे सगळे नीट करूनही दमा आटोक्यात येत नसेल आणि डॉक्टरांनी मांजरापासून दूर राहायला सांगितले असेल, तर निर्णय पुढे ढकलू नये. मग तो रुग्ण घरातला सगळ्यात लहान असो वा सगळ्यात कमी बोलणारा. पण त्याचा अर्थ मांजराला बाजारात, सोसायटीच्या आवारात किंवा येऊरच्या रस्त्याला सोडून येणे असा होत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, आणि घरात वाढलेल्या मांजराला कुठेही स्वतःचे पोट भरता येत नाही. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. ओळखीत, नात्यात, पशुवैद्यांकडे विचारून घर शोधावे, आणि मांजराबरोबर त्याची लसीकरणाची वही, नेहमीचे खाणे, लिटर बॉक्स आणि त्याच्या वासाचे अंथरूण द्यावे.

मांजर गेल्यावर लगेच आराम पडेल अशी अपेक्षा ठेवून औषधे बंद करू नयेत. सोफ्याची कव्हरे, पडदे आणि जुनी गादी धुतली किंवा बदलली तर चार-सहा महिन्यांचा काळ काहीसा कमी होतो. तोपर्यंत स्प्रे आणि इनहेलर पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावेत आणि मात्रा डॉक्टरांनी पुन्हा तपासल्यावरच कमी करावी.