यूपीएस आणि संगणकाची जोडणी तपासण्यापूर्वीची तयारी

सांगलीत वळवाचे दिवस सुरू झाले की दुपारनंतर विजेचा भरवसा राहत नाही, म्हणून तपासणीचे काम शक्यतो सकाळी आणि आदल्या रात्रभर यूपीएस (वीज गेल्यावर संगणकाला काही मिनिटे बॅटरीवर चालवणारे उपकरण) चार्ज करूनच हाती घ्यावे. टॉर्च, 60 वॅटचा साधा बल्ब लावलेला टेबललॅम्प, एक जादा यूएसबी केबल आणि कागद-पेन जवळ असावे. मल्टिमीटर असल्यास उत्तम.

यूपीएसचा संगणकाशी संबंध दोन प्रकारचा असतो, एक विजेचा आणि दुसरा माहितीचा, आणि निम्मा गोंधळ हे दोन्ही एकत्र तपासल्याने होतो. वीज आधी पाहावी. संगणक रीतसर बंद करून त्याच्या जागी टेबललॅम्प लावावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. पिन उपसून काढू नये, कारण तसे केल्यास अर्थिंगही तुटते. दिवा विझला, तर सॉकेट बदलून पाहावे, कारण काही यूपीएसवरील ठरावीक सॉकेट केवळ सर्जपासून (विजेच्या दाबात अचानक होणाऱ्या वाढीपासून) संरक्षण देतात, त्यांना बॅटरीचा आधार नसतो. दिवा टिकतो पण संगणक बंद पडतो, असे दिसल्यास भार, म्हणजे जोडलेली साधने मिळून किती वॅट घेतात ते, मोजावा. 600 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेल्या घरगुती यूपीएसची क्षमता साधारणपणे 360 वॅटच्या आसपास असते. त्यावर लेझर प्रिंटर मुळीच लावू नये.

घरात इन्व्हर्टर असेल, तर तो ‘यूपीएस मोड’वर (वीज जाताच झटकन बॅटरीवर जाण्याच्या सेटिंगवर) आहे का, हेही पाहावे. स्क्वेअर वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत नव्हे, तर चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरच्या लाईनवर लावलेला यूपीएस ती वीज सदोष समजून पुन्हापुन्हा बॅटरीवर जाऊ शकतो, आणि मग दोष विनाकारण बॅटरीच्या माथी मारला जातो.

माहितीच्या जोडणीसाठी यूपीएसच्या मागे डेटा पोर्ट आहे का, हे आधी टॉर्चने पाहावे. स्वस्त मॉडेलमध्ये तो बहुधा नसतोच, आणि मग पुढची सगळी खटपट व्यर्थ ठरते. काही यूपीएसवरचा हा पोर्ट लॅनच्या सॉकेटसारखा दिसतो, परंतु त्याला कंपनीचीच केबल लागते, लॅनची चालत नाही. केबल हबमधून न नेता सीपीयूच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट जोडावी. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘बॅटरीज’ या शीर्षकाखाली ‘एचआयडी यूपीएस बॅटरी’ अशी नोंद आली, की जोडणी झाली असे समजावे. नोंद नसल्यास आधी केबल, मग पोर्ट बदलावा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची घाई त्यानंतरच. लिनक्सवर यूएसबीच्या यादीत यूपीएस दिसत असूनही ‘नट’ला (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो वाचता येत नसेल, तर ते उपकरण वाचण्याच्या परवानगीचा नियम तपासावा.

बॅटरी बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद असते. ती फुगलेली दिसली तर यूपीएस उघडू नये, तंत्रज्ञाकडेच द्यावा. सांगलीतल्या गावभागासारख्या नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी यूपीएस जमिनीवर ठेवूच नये. 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल, त्यांना कारण सांगायला नको.

शेवटची चाचणी संगणकासह घ्यावी. सर्व फायली सेव्ह करून बटण बंद करावे, बॅटरी किती मिनिटे टिकते ते कागदावर लिहावे आणि त्याच्या निम्म्या वेळातच संगणक आपोआप बंद होईल, अशी सेटिंग करावी.