कळसूबाईवरून हॅम रेडिओ: काय न्यायचं आणि काय घरीच ठेवायचं

पहिल्यांदा डोंगरावर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा एकमेकांशी बोलायचा रेडिओ, न्यायचा म्हटलं की सगळ्यांचं एकच होतं, सॅकमध्ये घर भरतात. मी पण १०० वॅटचा सेट आणि त्याच्यासाठी जड बॅटरी घेऊन गेलेलो, पायथ्याच्या बारी गावातून निघाल्यावर पहिल्याच चढाला पश्चात्ताप झाला, आणि वर पोचल्यावर कळलं की अँटेनाचा कनेक्टर घरीच टेबलावर राहिलाय. तेव्हापासून आदल्या रात्री सगळं जोडून, एकदा घरातून बोलून मगच सॅक भरतो.

लायसन्स नसेल तर ट्रान्समिट करायचं नाही, हे आधीच सांगतो. असेल तर स्टेशनच्या जागेबद्दल अटीत काय लिहिलंय ते वाचा आणि कॉपी, आयडी सोबत ठेवा. वायर आणि अँटेना बघून कोणीतरी विचारणारच.

सुरुवात हँडीने, म्हणजे वॉकी-टॉकीसारख्या हातात मावणाऱ्या सेटने करा. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मध्ये डोंगर आडवा आला नाही तर व्हीएचएफची (हँडीच्या, साधारण सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींची) नजर समुद्रसपाटीला दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते, नाशिक तर जवळच, मुंबई हवाई अंतराने साधारण शंभर किलोमीटर. ५ वॅट बास झाले. पण हँडीबरोबर येणारी बुटकी रबरी अँटेना काढून टाका, सगळा घोळ तिथेच असतो. साधारण ४९ सेंटीमीटरची पाव वेव्हलेंथ (लहरीच्या लांबीच्या पाव) व्हिप, म्हणजे लवचिक काडीसारखी अँटेना लावा आणि तेवढीच एक वायर अँटेनाच्या कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली लोंबू द्या, या फुकटच्या वायरने जो फरक पडतो तो महागडा सेट घेऊनही पडत नाही. अजून चांगलं हवं तर रिबन केबलचा गुंडाळता येणारा जे-पोल (इंग्रजी जे अक्षरासारखी अँटेना) घ्या, काठीला उभा टांगा. हँडीच्या एफएमवर सगळे उभ्याच अँटेनावर असतात, आडवा टांगलात तर सिग्नल बराच पडतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. वर गेल्यावर स्वस्तातली हँडी कधी कधी बहिरी होते, कारण चारी बाजूंचे टॉवर तिला एकदम ऐकू येतात आणि रिसीव्हर गुदमरतो. अशा वेळी चांगली अँटेना काढून परत बुटकी लावून बघा, हसू नका, चालतं. आणि वरून तुम्ही लांबलांबचे रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी स्टेशनं) एकदम उघडू शकता म्हणून आधी ऐका, मग १४५.५०० मेगाहर्ट्झवर हाक मारा आणि पुढच्या गप्पा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर न्या.

एचएफला, म्हणजे लांब पल्ल्याच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना, उंचीचं तेवढं कौतुक नाही, पण घरातल्या चार्जर आणि एलईडीचा खरखराट वर नसतो, मजा त्याची आहे. २० मीटर बँडचा (लहरीची लांबी साधारण २० मीटर) डायपोल, म्हणजे मधून केबल जोडलेली दोन वायरींची अँटेना, दोन्ही बाजूला साधारण ५ मीटर वायर, थोडी जास्त कापा आणि मग छाटत आणा. मध्ये ६ मीटरचा फायबरचा पोल, दोन्ही टोकं दोरीने खाली तिरकी. शिखरावर लोखंडी रेलिंग आहे, वायरची टोकं त्याच्यापासून लांब ठेवा आणि देवळाला काही बांधू नका, लोक दर्शनाला आलेले असतात. महाराष्ट्रातल्यांशी बोलायचं तर सकाळी ४० मीटर, बाजू १० मीटरच्या आणि पोल बुटका असला तरी चालतो. १० वॅटच्या सेटला ट्रान्समिटला साधारण २ ते ३ अँपिअर लागतात, ३ एएचची (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी सकाळ काढते.

इंग्लंडमध्ये २००२ साली सुरू झालेल्या समिट्स ऑन द एअर या शिखरांवरून रेडिओवर बोलायच्या उपक्रमाच्या पद्धतीने करायचं असेल तर शिखरापासून उभ्या २५ मीटरच्या आत बसा, गाडीच्या बॅटरीवर चालवू नका आणि पॉइंटसाठी किमान चार कॉन्टॅक्ट करा. लॉगमध्ये (कोणाशी कधी बोललात त्या नोंदीत) वेळ यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ, लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, सकाळी लवकर बोललात तर तारीख पण आदल्या दिवशीची येते, इथे मी दोनदा फसलोय.

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की वायर खाली आणि तुम्ही पण खाली, गडगडाट ऐकू यायची वाट बघू नका. आणि उतरताना पोल सॅकला उभा बांधा, आडवा असला की शिडीत अडकतो आणि मागचा माणूस शिव्या घालतो.