प्रीमियम वाढला? आधी हे तपासा
मी टेक्सासमध्ये प्रसूतितज्ज्ञ आहे. रुग्णांनी डॉक्टरांवर केलेल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी आम्ही जो विमा घेतो, त्याचा प्रीमियम वाढला की ‘सगळं खटल्यांमुळे’ हे वाक्य कानावर येतंच. ते मानण्याआधी पॉलिसी उघडा. ती ‘क्लेम्स-मेड’ (पॉलिसी चालू असताना दाखल झालेलेच दावे भरणारी) असेल, तर पहिली काही वर्षं प्रीमियम चढतच जातो, एकही दावा नसला तरी. नोकरी सोडताना ‘टेल’ कव्हरचे (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या जुन्या उपचारांच्या दाव्यांसाठीच्या संरक्षणाचे) पैसे कोण भरणार, हे करारात आधीच लिहून घ्या. ती रक्कम वर्षाच्या प्रीमियमच्या दुप्पटही असू शकते.

मग राज्याचा कायदा वाचा. टेक्सासने २००३ मध्ये वेदना-यातनांच्या भरपाईवर डॉक्टरांच्या बाबतीत अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. बुडालेल्या पगारावर ती नाही. म्हणजे कात्री जास्त लागते ती लहान मुलं, गृहिणी आणि म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना पगारच नसतो. त्यानंतर प्रीमियम उतरला, तरी तेवढ्यावरून मला हे न्याय्य वाटत नाही.

मर्यादेमुळे दर आवरतात म्हणून कुणी कॅलिफोर्नियाचा दाखला दिला, तर तिथल्या १९७५ च्या अशाच मर्यादेबरोबर १९८८ चं प्रपोझिशन १०३ (मतदारांनी थेट मंजूर केलेला कायदा) याबद्दलही विचारा. त्याने विम्याच्या दरवाढीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. दर कशामुळे आवरले, यावर अजून वाद आहे.

शेवटी राज्याच्या विमा खात्याकडे तुमच्या कंपनीने सादर केलेले दरपत्रक मागा. प्रीमियमच्या पैशांच्या गुंतवणुकीतून कंपनीने उत्पन्न किती धरलंय, ते आधी बघा; ते कमी धरलं की प्रीमियम वाढतो.