मॉनिटर साठवर अडकलाय? आधी माळ्यावरचं खोकं काढा

ऑफिसातल्या एकाचा नवा मॉनिटर साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांच्या, वर जात नाहीये. "तुझाही अडकला होता ना, काय काय बघू ते सांग," म्हणाला. डबा खाताखाता सांगायला लागलो आणि माझ्याच लक्षात आलं की मी एकच गोष्ट चौथ्यांदा सांगतोय. म्हणून लिहूनच काढतो. ती गोष्ट म्हणजे केबल. कुठलीही केबल नाही, मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबल.

माझं काय झालं ते आधी ऐका, म्हणजे मी एवढा का करवादतोय ते कळेल. 27 इंची, 2560 बाय 1440, 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला. जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल टेबलामागे चिकटपट्टीने छान बसवलेली होती. जुना उचलला, नवा त्याच वायरीला जोडला, चित्र आलं, खूश. खोकं माळ्यावर गेलं. पुढे अकरा महिने मी 144चे पैसे मोजून साठ बघत होतो. गणपतीत दर्शनाला आलेल्या शेजारच्या पोराने एका हातात मोदक धरून दुसऱ्या हाताने माऊस गरागरा फिरवला आणि म्हणाला, "काका, हा साठवरच आहे की." त्यानंतर दोन रविवार ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात गेले, एक रात्र विंडोज नव्याने टाकण्यात गेली. आमच्या बाबांचं म्हणणं वेगळंच: आपल्याकडे घरातली वीजच पन्नास हर्ट्झची, तर मॉनिटर 144 कुठून देणार? (विजेच्या पन्नासचा याच्याशी काही संबंध नाही. मॉनिटर आधी ती वीज डीसी करून घेतो.) शेवटी मॉनिटर गोधडीत गुंडाळून लोकलच्या लगेजच्या डब्यातून ग्रँट रोडला उतरलो आणि मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, जिथून घेतला होता त्या दुकानात नेला. दुकानदाराने स्वतःची डिस्प्लेपोर्ट केबल लावली, एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी पण वेगळ्या जातीची. दहा सेकंदांत 144. "खोक्यात होती ना ही?" त्याने विचारलं. होती. गोरेगावात, माळ्यावर, थर्माकोलच्या खालच्या खाचेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठसुद्धा न सोडलेली.

तर तयारी. पहिलं काम: खोकं खाली काढा. थर्माकोलचे दोन्ही तुकडे उलटे करून बघा, केबल बहुतेक वेळा खालच्या तुकड्यात असते. सोबतची कागदाची घडी टाकू नका, त्यात कुठल्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात ते छापलेलं असतं. माझ्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: एचडीएमआय कमाल 75, डिस्प्लेपोर्ट 144. वाचलं असतं तर गोधडी धुवावी लागली नसती.

असं का होतं, तेवढं समजून घ्या, कारण मग केबलीबद्दल वाद घालणार नाही. 2560 बाय 1440 म्हणजे 36,86,400 ठिपके. एकेका ठिपक्याच्या रंगाला 24 बिट. सेकंदाला 144 चित्रं म्हटली की नुसत्या चित्राचे 1,274 कोटी बिट, आणि दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या वेळेचे आणखी थोडे. एचडीएमआयच्या 1.4 या जुन्या आवृत्तीतून चित्रासाठी जेमतेम 816 कोटी जातात. साठला लागतात 531 कोटी, म्हणून साठ आरामात चालतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. डिस्प्लेपोर्ट 1.2ला 1,728 कोटी झेपतात. एचडीएमआय 2.0लाही हे 144 झेपतं, पण मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरातलं चित्र बनवणारं कार्ड) आणि केबल तिघंही त्या लायकीचे हवेत. एकजण जरी कमी पडला तरी गाडी त्याच्याच वेगाने चालणार. आणि एरर वगैरे काही येत नाही, हा खरा वैताग. मोठा आकडा यादीतून गुपचूप गायब होतो.

काय लिहून ठेवायचं? मॉनिटरचा पूर्ण मॉडेल नंबर, ग्राफिक्स कार्डाचं नाव, आणि आत्ता वायर कुठून कुठे जाते ते. शेवटचं डोळ्यांनी बघून लिहा, आठवून नाही. मोबाइलचा टॉर्च लावून कॅबिनेटच्या मागे वाका. वर, यूएसबीच्या शेजारी उभे पोर्ट असतात ते मदरबोर्डाचे. खाली आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डाचे. वेगळं कार्ड असेल तर वायर खालच्यातच हवी. वरच्यात लावलेली दिसली तर हसू नका, अर्धं जग तेच करतं.

डिस्प्लेपोर्टच्या टोकाला एक बाजू तिरकी असते, म्हणजे ती उलटी बसतच नाही. बऱ्याच केबलींना वर एक खटका असतो, दोन बारीक दात आत अडकतात. तो दाबूनच ओढायचं. दुकानात मी न दाबता ओढत होतो, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता माझा हात बाजूला केला.

खोक्यात डिस्प्लेपोर्ट केबल निघालीच नाही, एचडीएमआयच निघाली, तर तो कागद पुन्हा वाचा. पूर्ण आकडा एचडीएमआयवरही मिळतो असं छापलेलं असेल तर तीच लावा. नसेल तर नवी घ्यायची. दोन मीटरपेक्षा लांब नको, व्हेसाचं (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) प्रमाणपत्र असलेली हवी. स्वस्तातल्या काही डिस्प्लेपोर्ट केबलींत विसावी पिन उगाच जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरची वीज उलटी कार्डात जाते आणि कॉम्प्युटर सुरू होताना नखरे करतो. छोटे कन्व्हर्टर तर घेऊच नका. कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात जायचं असेल तर साधा कन्व्हर्टर चालतच नाही, आतल्या चिपवाला लागतो. दोनशे रुपयांत तसा देतो म्हणणारा खोटं बोलतोय.

आता केबल बदलायच्या आधीची एक चाचणी, फुकटातली. विंडोज 11मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटची यादी उघडते. फक्त 60 आणि 75 दिसत असेल तर एक पायरी मागे या, रिझोल्यूशन 1920 बाय 1080 करा आणि यादी पुन्हा उघडा. आता 120 किंवा 144 उगवलं? मग ड्रायव्हरच्या नादी लागू नका, विंडोज पुन्हा टाकू नका, गोधडी शोधू नका. नळी बारीक आहे, पाणी अडतंय. केबल आणि पोर्ट. ही एक चाचणी मला आधी माहीत असती तर दोन रविवार वाचले असते. आणि यादीत 144 आधीपासूनच होतं, फक्त निवडलेलं नव्हतं, तर निवडा आणि कुणाला सांगू नका. विंडोज नव्या मॉनिटरला स्वतःहून साठवर ठेवतं, असं पुष्कळदा होतं.

केबल खोक्यातलीच लावली ना? की "एचडीएमआय आहेच की, तीही चांगली आहे" असं म्हणताय? मीही म्हणत होतो. काढा ती.

केबल बरोबर, पोर्ट बरोबर, तरी आकडा नाही, मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू. मागच्या बाजूची ती बारीक बटणं किंवा जॉयस्टिक. काही मॉनिटरांत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती 1.1 की 1.2 असा पर्याय असतो आणि तो 1.1वर असला की 1440ला 144 मिळत नाही. काहींत वरचा आकडा ओव्हरक्लॉक (नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं) या नावाखाली लपवलेला असतो, तो चालू केल्याशिवाय विंडोजला कळतच नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांच्या कंट्रोल पॅनेलमधल्या रिझोल्यूशनच्या यादीत वर टीव्हीचे आकार असतात आणि खाली पीसी असा वेगळा गट. 144 खालच्या गटात सापडतं, तेवढं सरका.

ड्रायव्हर आता बघा, आधी नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या, भलत्या ठिकाणहून नको.

लॅपटॉपवाले: चार्जर लावून बघा, बॅटरीवर काही लॅपटॉप आकडा खाली आणतात. टाइप-सीच्या डॉकमधून (एका वायरीतून अनेक पोर्ट देणारा डबा) लावलं असेल तर डॉक मधून काढून थेट लावा. दोन स्क्रीनवर एकच चित्र ठेवलं असेल तर दोन्ही हळू स्क्रीनच्या चालीने चालू शकतात, म्हणून एक्स्टेंड करा, म्हणजे दोन्हींवर वेगवेगळं चित्र.

तपासायचं कसं? यूएफओ टेस्ट नावाची वेबसाइट. ब्राउझरमध्ये उघडा, आकडा दिसेल. गेममध्ये तरी साठच असेल तर गेमची स्वतःची सेटिंग बघा: व्ही-सिंक (गेमची चित्रं मॉनिटरच्या चालीला बांधणारा पर्याय), फ्रेमची मर्यादा. बस.

आणि हे सगळं करूनही नाहीच झालं तर न्या दुकानात. बिलाचा फोटो काढून ठेवलेला बरा, थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडवर बहुतेक शटर खाली असतात. फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, स्लो पकडा. मॉनिटर खोक्यातूनच न्या, म्हणजे केबलही आपोआप सोबत येईल.