पगारवाढ हातात पडण्याआधीच वाटून टाका

निवृत्तीसाठी बचत म्हटलं की पंचविशीतला माणूस म्हणतो, "आधी नीट कमवू तर दे!" पण इथे रकमेपेक्षा वर्षं जास्त काम करतात.

हिशेबच बघा. एकाने पंचविशीत सुरुवात केली, दर वर्षाअखेरीस १२,००० असे १० वर्षं भरले आणि थांबला. दुसऱ्याने पस्तिशीत सुरू करून साठीपर्यंत २५ वर्षं तेवढेच भरले. दोघांनाही वर्षाला ८ टक्के चक्रवाढ धरली, तर साठीला पहिल्याकडे सुमारे ११.९ लाख, दुसऱ्याकडे ८.८ लाख. पहिल्याने भरले फक्त १.२ लाख, दुसऱ्याने ३ लाख! (परतावा दरवर्षी इतका सरळ मिळत नाही, हे खरंच, पण मुद्दा तोच राहतो.)

"महिनाअखेरीस उरेल ते टाकू" हे मी बरीच वर्षं केलं. उरत काहीच नाही. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. पगार वाढला, की नव्या पगाराची सवय लागायच्या आत वाढीतला निम्मा हिस्सा त्याच सूचनेत घाला.

महागडं कर्ज असेल, विशेषतः क्रेडिट कार्डाचं, तर आधी ते फेडा.

आणि नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) साठलेली रक्कम काढून घेऊ नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. रक्कम छोटी दिसते म्हणून तेव्हा त्यातून नवा फोन घ्यायचा मोह होतोच.