गांडूळ, हुमणी, वाणी: मातीतल्या जिवांबाबत या चुका टाळा

शेतात कुठलंही औषध किंवा विकतची गांडुळं टाकण्याआधी फावडं घ्या आणि एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा खड्डा काढा. वेळ जुलै-ऑगस्टची, पाऊस उघडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या आत. ऊन चढलं की जीव खाली सरकतात. निघालेली माती ओल्या गोणपाटावर पसरा, ढेकळं हाताने फोडा आणि जे सापडेल ते वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. एकरात असे चार-पाच खड्डे पुरतात. कोणता जीव आहे आणि तो काय खातो, हे न पाहता उपाय केला की खालच्या चुका होतात.

बेडमधली गांडुळं शेतात सोडणं

गांडूळखताच्या बेडसाठी, म्हणजे शेण-पाल्याच्या वाफ्यासाठी, विकत मिळणारी गांडुळं, म्हणजे आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी, ही कुजणाऱ्या शेणात आणि पाल्यात राहणारी आहेत. ती माती खाऊन जगत नाहीत आणि खोल बिळंही करत नाहीत. उघड्या रानात सोडली की ऊन, पक्षी आणि मुंग्या त्यांचा फडशा पाडतात. खर्च वाया जातोच, वर "आमच्या जमिनीत गांडूळ जगत नाही" असा चुकीचा समजही पक्का होतो.

आपल्या रानातलं देशी गांडूळ वेगळं असतं. ते माती आणि कुजका पाला एकत्र खातं, उभी-आडवी बिळं करतं. या बिळांतूनच पावसाचं पाणी खाली मुरतं. उन्हाळ्यात ते खोल जाऊन मातीच्या गोळीत वेटोळं करून पडतं आणि पावसाळ्यात वर येतं. पहाटे जमिनीवर दिसणाऱ्या बारीक मातीच्या ढिगल्या ही त्याची विष्ठा. ते आणावं लागत नाही, फक्त त्याचं खाणं जाळू नये. उसाचं पाचट पेटवू नका. सरीत पसरून एका टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, वर पाणी द्या. जमीन ओली असताना रोटाव्हेटर तर अजिबात घालू नका. त्या वेळी गांडुळं वरच्या वितभर थरात असतात आणि पात्यांखाली चिरडली जातात.

बेडमधून गांडुळं पळतात, मरतात

कारण बहुतेक वेळा ताजं शेण असतं. कुजताना ते तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. 35 अंशांपुढे आयसेनिया तग धरत नाही. शेण-पाला आधी 15 ते 20 दिवस सावलीत ओला करून, दोन वेळा परतून ठेवा. मग मनगटापर्यंत हात घालून पाहा. गरम लागलं किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर अजून आठवडाभर थांबा. बेड दीड फुटापेक्षा उंच करू नका, नाहीतर आत पुन्हा ऊब धरते.

ओलावा मुठीने तपासा. मूठभर माल दाबल्यावर बोटांतून दोन-तीन थेंब निघाले तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं: आत हवा राहत नाही, आंबूस वास येतो, गांडुळं भिंतींवर चढतात. अशा वेळी पाणी बंद करून कोरडा पालापाचोळा मिसळा. युरिया बेडवर कधीच टाकू नका. उघड्या रानात पसरलेल्या पाचटावर तो चालतो, बंदिस्त बेडमध्ये त्याचा अमोनिया गांडुळं मारतो.

खत काढण्याआधी चार दिवस पाणी थांबवा, मग शंकूसारखे ढीग करा. गांडुळं ओलाव्याकडे तळाशी जातात, वरचं खत चाळून घ्या. ते उन्हात वाळवणं ही शेवटची आणि महाग पडणारी चूक. त्यात मोहरीपेक्षा जरा मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष असतात. गांडुळांची पुढची पिढी त्यातच असते.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी समजणं

हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी भुंग्याची अळी. सापडलेली अळी सपाट जमिनीवर ठेवा. उलटी होऊन, पाय वर करून, पाठीवर झपाझप सरकत गेली तर ती फुलभुंग्याची. ती कुजकं खाऊन खत बारीक करते, मुळं खात नाही. तिला राहू द्या. कुशीवर इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडून राहिली तर पुढे तपासा. कोकणात आणि गोव्यात शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढी जाड अळी मिळाली तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची असते. मुळांना तिचा त्रास नाही, पण तिचा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. खड्डा उपसून अळ्या वेचा आणि ओलसर खतात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळा.

शेतात उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळाशी सापडली आणि रोप ओढताच उपटून आलं तर हुमणीच. इथे चूक वेळेची होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पीक पिवळं पडल्यावर धावपळ होते, तेव्हा अळी मोठी आणि चिवट झालेली असते. खरी संधी वळवाच्या पहिल्या पावसानंतर. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भुंगे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला आणि मीलनाला जमतात. खाली ताडपत्री अंथरा, फांद्या हलवा, पडलेले भुंगे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम गावाने मिळून, सलग काही संध्याकाळी करावं लागतं. एकट्याच्या शेतात केलं तर शेजारच्या झाडावरचे भुंगे तुमच्याच रानात अंडी घालतात. काही ठिकाणी अजूनही फोरेट हे कीटकनाशक मागितलं जातं. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे.

वाणी दिसली की फवारणी

हात लागताच पैशासारखी गोल गुंडाळते ती वाणी. बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. एकेकच जोडी आणि चपटं अंग असेल तर ती गोम. गोम चावते हे खरं, पण मातीत ती किडे खाते, शेतातून हाकलू नका.

वाणीचं काम कुजका पाला तोडण्याचं. सोयाबीन-कपाशीचं कोवळं रोप ती कुरतडते ते पेरणीनंतरच्या थोड्या दिवसांत, विशेषतः बांधाकडच्या तासांत. ती रात्री खाते आणि दिवसा लपते, त्यामुळे दुपारची फवारणी फुकट जाते. संध्याकाळी तासांमध्ये ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा. उजाडताच उचला, खाली जमलेल्या वाणी मिठाच्या पाण्यात टाका. रोपं जून होईपर्यंत हे करा, नंतर तिला पाल्याचं काम करू द्या.

वाळवीबाबत एकच: फळझाडाला आच्छादन खोडाला चिकटवून घालू नका. वीतभर जागा मोकळी सोडा आणि आच्छादन ओलसर ठेवा. कोरडा काडीकचरा खात ती खोडापर्यंत येते, आणि सालीवर मातीचा थर दिसला की तो खरवडून खाली साल किती खाल्ली आहे ते आधी पाहा.